मुठीचं वजन

घाटनांदूरच्या बाजारपट्टीत मल्लिनाथप्पा तोडकरांचं किराणा दुकान आहे. पंचक्रोशीत त्याची ख्याती एकाच गोष्टीसाठी: आप्पा हातानं काही देत नाहीत. हिंग मागा, काट्यावर. चार लवंगा मागा, काट्यावर. घरी तेल तापलंय म्हणून कुणी पळत येऊन चिमूटभर मोहरी मागितली, तरी आप्पा शांतपणे कागद फाडणार, काट्यावर ठेवणार, कागदाचं वजन वजा करणार, आणि मग मोहरी घालणार. तोवर तिकडं फोडणी गेली खड्ड्यात! समोरच्या डाळ मिलचा त्रिंबक एकदा चारचौघांत म्हणाला, "आप्पा, लेक झाली तवा तिला बी काट्यावर घातलं आसंल तुमी!" आप्पांनी मान वर न करता सांगितलं, "घातलं हुतं. दोन किलो आठशे." लोक पोट धरून हसले. आप्पा हसले नाहीत, कारण ते खरंच होतं.

जन्मात एकच वस्तू त्यांनी कधी तोलली नाही, ती म्हणजे विभूती. मठातून आणलेली, गाईच्या शेणाच्या गोवऱ्यांची पांढरी राख. गल्ल्याशेजारी पितळी डब्यात ती भरून ठेवलेली असायची. मागेल त्याला मूठभर, फुकट. आप्पांच्या वडिलांनी मरताना बजावलं होतं म्हणे, की देवाची वस्तू काट्यावर घालायची न्हाई, घातली की ती माल होती. बापाचा शब्द आप्पांनी जिवापाड सांभाळला. मोहरीला काटा आणि देवाला मूठ. या एवढ्याशा नेमानं पोटच्या पोरीचं वाटोळं केलं, तेच इथं सांगायचंय.

पोरगी म्हणजे वर्षाराणी. एकुलती एक. पुण्याला एका संस्थेत संशोधन करते, म्हणजे करत होती. गावात कुणी विचारलं की पोरगी काय शिकती, तर आप्पा छाती काढून सांगायचे, "वैश्विक किरण." पुढचं विचारलं की गडबडायचे. मग एका दिवाळीला त्यांनी लेकीला समोर बसवलं. "माय, मला नीट सांग. मी दुकानदार हाय, मला समजंल आसं सांग."

वर्षाराणीनं सांगितलं. आपल्या आकाशगंगेसारख्या कितीतरी आकाशगंगा आहेत. त्यांतल्या काहींना स्टारबर्स्ट म्हणतात. तिथं तारे इथल्यापेक्षा दहापट घाईनं जन्मतात. जे मोठे जन्मतात ते लवकर जळून संपतात आणि फुटतात. फुटले की कण सुटतात, उजेडाच्या वेगाला भिडलेले. तिथल्या दाट वायूवर हे कण आदळतात, आणि त्यातून गॅमा किरण निघतात. गॅमा किरण सरळ येतात, म्हणून ते कुठून आले ते कळतं. कण मात्र वाटेत वळतात, भरकटतात, त्यांचा पत्ता हरवतो. फक्त जो फार म्हणजे फारच जोराचा असेल तो कमी वळतो. असा एखादा कण पृथ्वीच्या हवेवर आदळला, की त्याचे कोट्यवधी तुकडे होऊन दोन-चार किलोमीटरवर एकदम पाऊस पडावा तसे जमिनीवर पडतात. दिसत नाहीत, लागत नाहीत. पण नऊ ठिकाणी नऊ पेट्या मांडून ठेवल्या, आणि कोणती पेटी आधी वाजली नि कोणती नंतर हे मोजलं, तर तो कण आकाशाच्या कोणत्या बाजूनं आला ते काढता येतं.

"किती दिसांनी येतो आसला कण?"

"या एवढ्या जागेत? वर्षातून एखादा. न्हाई तर तेवढा बी न्हाई."

"आन् निघाला कवा तिथून?"

"जवळच्या एका स्टारबर्स्टवरनं निघाला आसंल तर, सव्वा कोटी वर्षं झाली."

आप्पा म्हणाले, "एवढ्या लांबून यायलाय तर आपण घरी पायजे." आणि दुसऱ्या दिवशी स्वतः दुकानाच्या गच्चीवर जाऊन त्यांनी पेटीसाठी जागा झाडून दिली.

नऊ पेट्या बसल्या त्या दोन हजार एकवीसच्या उन्हाळ्यात. शाळेवर एक, मठावर एक, त्रिंबकाच्या डाळ मिलवर एक, बाकीच्या आजूबाजूच्या मळ्यांत. सहावी आप्पांच्या गच्चीवर. पत्र्याची चपटी पेटी, आत काळ्या कागदात गुंडाळलेला दाराएवढा पाटा. कण पाट्यातून गेला की बारीक उजेड पडायचा, तो मोजला जायचा, आणि आकडा खाली दुकानात उदबत्तीच्या फळीशेजारी बसवलेल्या छोट्या यंत्रात लाल अक्षरांत उमटायचा. मिनिटाला पाच हजार. तोच आकडा सिमकार्डावरून पुण्यालाही जायचा. आप्पांना एकच काम दिलं होतं: महिन्यातून एकदा झाकण उघडून मुंग्या झाल्यात का पाहायचं, आणि ओल शोषणाऱ्या पुड्या बदलायच्या. जाताना वर्षाराणी बजावून गेली, "आप्पा, पाट्याला हात लावायचा न्हाई. आत काही ठेवायचं न्हाई."

"येडी का काय! मी कशाला ठिवतो!"

त्याच साली श्रावण लागायच्या आधी मिलवर वीज पडली आणि त्रिंबकाची पेटी जळाली; नवी बसायला दिवाळी उजाडली. वर्षाराणी फोनवर रडली. आप्पांच्या काळजाचं पाणी झालं. ते तडक मठात गेले, देवापुढं उभे राहिले आणि नवस बोलले: पोरगी डॉक्टर होईस्तोवर दर श्रावणी सोमवारी पेटीच्या पायाशी एक मूठ विभूती वाहीन, तू तिला सांभाळ. नवस तर बोलले, आणि आमच्याकडं नवस फिटेपर्यंत तो कुणाला सांगत नाहीत. बायकोलासुद्धा नाही.

पहिल्या श्रावणी सोमवारी त्यांनी पांढऱ्या फडक्याची पुरचुंडी केली, तीत मूठभर विभूती घातली, आणि पाट्याखाली चार बोटांची फट होती तीतून आत सरकवली. पाट्याला बोटही लागू दिलं नाही हं! लेकीचा अर्धा शब्द पाळला, देवाचा पुरा. खाली येऊन पाहतात तर काय, लाल आकडा वाढलेला. थोडाच, पन्नास-साठानं. पण वाढलेला. आप्पांनी जागच्या जागी हात जोडले. पुढच्या सोमवारी दुसरी मूठ, आकडा आणखी वर. देव ऐकतोय म्हटल्यावर माणसाला आणखी काय पाहिजे?

आता यातली गोम आप्पांना कळण्यासारखी नव्हती. राखेत पोटॅश असतो, शेतात टाकतात तोच. आणि पोटॅशमध्ये निसर्गतःच एक कणभर किरणोत्सार असतो. माणसाला त्याचा काडीचा त्रास नाही, पण कण मोजायला बसलेल्या पाट्याच्या पोटाशी ठेवला तर पाटा तोही मोजतो. पाट्याला सव्वा कोटी वर्षांच्या वाटेवरून आलेला कोण आणि मठाच्या गोवरीतून आलेला कोण, काय घेणं देणं!

त्यांनी लेकीला फोन केला. "माय, आकडा वाढलाय की! चांगलं हाय ना?"

"कावून वाढला आप्पा? आत काही ठेवलं का?"

"न्हाई." नवस होता ना.

"मुंग्या? ओल?"

"काईच न्हाई."

हे 'न्हाई' आप्पा साडेतीन वर्षं बोलत राहिले.

*

तो कण आला दोन हजार चोवीसच्या जानेवारीत, सकाळी साडेसहाला. आप्पा कुणाला तरी साबुदाणा तोलून देत होते. कुणाला काही दिसलं नाही, ऐकू आलं नाही. संध्याकाळी वर्षाराणीचा फोन आला तेव्हा तिचा आवाज कापत होता. त्या दिवशी वीज नसल्यामुळं तीन पेट्या बंद होत्या. चालू असलेल्या सहाच्या सहा पेट्या एका झटक्यात वाजल्या होत्या, आणि हिशोब करून पाहिलं तर दिशा निघत होती सप्तर्षींच्या जवळची. तिथंच ती सव्वा कोटी वर्षांची स्टारबर्स्ट. एका कणानं काही सिद्ध होत नाही, हे ती दहादा म्हणाली. पण तिच्या प्रबंधातलं शेवटचं, सगळ्यात मोठं प्रकरण त्या एका कणावर उभं राहणार होतं. सहा पेट्या होत्या म्हणून दिशा निघाली. बाकीच्या पाच जवळपास एका ओळीत होत्या, त्या पाचांवर निघाली नसती.

"तुमची पेटी सहावी आप्पा," ती म्हणाली.

आप्पांनी त्या दिवशी येईल त्याला पेढा दिला. तोलूनच दिला, पण दिला.

मग वर्ष गेलं, आणि दोन हजार पंचवीसच्या मार्चमध्ये वर्षाराणी घरी आली ती डोळ्यांखाली काळं घेऊन. तिच्या मार्गदर्शक होत्या संगीता मॅडम. कामात कडक बाई, पण अन्यायी नव्हे. मॅडमनी सगळ्या पेट्यांचे चार वर्षांचे आकडे तपासायला घेतले होते. बाकीच्या पेट्या सरळ रेषेत. सहावी पायऱ्या चढत वर गेलेली. मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं: ज्या पेटीचा आकडा का वाढतोय ते तुला सांगता येत नाही, ती पेटी मी धरणार नाही. ती नाही तर पाच उरतात, पाचात दिशा नाही, दिशा नाही तर प्रकरण नाही. मुदत तर दोनदा वाढवून झालेली, तिसऱ्यांदा मिळायची नव्हती. जूनअखेर प्रबंध गेला नाही तर सात वर्षं पाण्यात.

तिनं दुकानाच्या फळीवर आलेखाचा कागद पसरला. शिवम्मा, आप्पांची बायको, शेजारी बसून शेंगदाणे निवडत होती.

"हे बघा. दरसाल ऑगस्टात चढती. मंग वर्षभर सपाट. मंग पुन्हा ऑगस्टात. आन् दोन हजार तेवीसला तर जुलैपासूनच चढायला लागली, दुप्पट चढली. कावून? झाकण काढून बघितलं तर वरनं काईच दिसत न्हाई. पाऊस म्हणावं तर बाकीच्या पेट्यांवर बी पडतो."

शिवम्मा कागदाकडं न पाहताच बोलली, "तेवीसला व्हय? त्या साली अधिक श्रावण हुता. मी आठ सोमवार धरलते. लई अशक्तपणा आलता."

"अव्वा, पेटी काय सोमवार धरती का?" वर्षाराणी कधी नव्हे ती खळखळून हसली.

आप्पांच्या हातातलं माप फळीवर पडलं. त्यांनी कागद पाहिला. पहिल्या साली पाच सोमवार, पाच मुठी. पुढच्या साली चार. मग आठ. मग पाच. पायऱ्या तेवढ्याच होत्या. मोठी, लहान, दुप्पट, पुन्हा मोठी, बरोब्बर तशाच. पुरचुंडी! पोरीच्या वाटेत जे आडवं आलं ते त्यांनीच ठेवलेलं होतं, स्वतःच्या हातानं, हात जोडून.

बोलायचं ना तेव्हा! समोर पोरगी बसलेली, शब्द जिभेवर आलेला. बोलले असते तर तिनं गच्चीवर जाऊन पुरचुंडी जागच्या जागी पाहिली असती, मॅडमला दाखवली असती, तोलली असती, तेवढा आकडा वजा केला असता आणि पेटी वाचली असती. पण साडेतीन वर्षं 'न्हाई' म्हणालेला बाप. त्याला आधी घाण साफ करायची होती, मग तोंड दाखवायचं होतं. लाज असली की माणूस शहाणपणाच्या नावानं काय काय करतो!

गुरुवारी दुपारी वर्षाराणी शाळेवरची पेटी पाहायला गेली. आप्पा गच्चीवर चढले. पुरचुंडी अलगद बाहेर काढली. बावीस मुठींची, फुगून उशीएवढी झालेली. देवाची वस्तू, उकिरड्यावर कशी टाकणार? ते मठामागच्या आडावर गेले आणि विभूती पाण्यात सोडली. फडकं धुतलं, वाळवलं, घडी करून देव्हाऱ्यात ठेवलं. दुकानात येऊन पाहिलं तर लाल आकडा खाली आलेला. पाच हजार. आप्पांना हायसं वाटलं. वाटलं, सुटलो.

*

शनिवारी संगीता मॅडम आल्या. सोबत आपली मोजणीची यंत्रं. गच्चीवर गेल्या, तासाभरानं खाली आल्या, आणि दुकानातल्या खुर्चीवर बसून त्यांनी लॅपटॉप उघडला.

"वर्षाराणी, गुरुवारी दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी काय झालं?"

"काय झालं मॅडम?"

"साडेतीन वर्षं चढलेला आकडा एका मिनिटात मूळपदावर आला. मी येणार हे तुला बुधवारी कळवलं होतं. गुरुवारी तू गावात होतीस."

वर्षाराणीला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा तिचा चेहरा राखेसारखा झाला. "मॅडम, मी शाळेवर होते."

"या पेटीला कुणी हात लावला?" मॅडमनी सगळ्यांकडं पाहून विचारलं. शिवम्मा पदर तोंडाला लावून उभी. आप्पा गल्ल्यामागं. "मी परत विचारते. कुणी हात लावला?"

कसला बाप! लेकीवर लबाडीचा आळ येतोय, आणि हा गल्ल्याची कडी चाचपत उभा.

"ठीक आहे," मॅडम म्हणाल्या. "मग मला असं लिहावं लागेल की तपासणीच्या तोंडावर उपकरणात फेरफार झाला. यातून तुझं एक प्रकरण जाणार नाही वर्षाराणी, सगळाच प्रबंध जाईल. मला वाईट वाटतंय." त्या उठल्या.

त्या गाडीत बसल्या, दार ओढून घेतलं, तेव्हा कुठं आप्पा अनवाणी धावत बाहेर आले. "मॅडम! मॅडम, मी काढलं. माझ्या हातानं. पोरीला ठावं न्हाई." आणि मग भर रस्त्यात, त्रिंबक नि बाकीचे ऐकत असताना, नवसापासून आडापर्यंत सगळं सांगितलं.

मॅडमनी शांतपणे ऐकलं. "कुठाय ती राख?"

"आडात सोडली."

"किती होती?"

चाळीस वर्षं लवंगासुद्धा मोजून देणारा माणूस. "बावीस मुठी."

"वजन?"

"देवाची वस्तू मॅडम. तोलत न्हाईत."

मॅडमनी डोळे मिटून घेतले. मग हळू आवाजात म्हणाल्या, "आप्पा, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण लोक म्हणतील, बाप बोलणारच. तुमचं खरं असेल तर एकच मार्ग आहे. त्याच मठाची राख, त्याच जागी ठेवून, तेवढाच आकडा परत आला पाहिजे. पण राख किती ठेवायची ते तुमच्या मुठीवरून ठरवायचं. आकड्याला जुळेल तेवढी राख ठेवली तर तो खेळ झाला, पुरावा नाही. मी पंधरा दिवसांनी येते. तुम्ही माझ्यासमोर वीस मुठी भरा, मी तोलीन. त्यावरून जे येईल ते."

गाडी गेली. वर्षाराणी उभी होती तिथंच उभी. बापाकडं पाहून ती एवढंच म्हणाली, "दोनदा इचारलं त्यांनी."

त्याच संध्याकाळी तिनं पितळी डबा काट्याशेजारी आणून आदळला. "भरा."

"माय, काट्यावर..."

"काट्यावर घाला आप्पा."

आप्पांनी बापाचं नाव घेतलं, मूठ भरली आणि आयुष्यात पहिल्यांदा विभूती काट्यावर घातली. हात थरथरत होता. अडतीस ग्रॅम. "परत." एकसष्ट. "परत." सत्तेचाळीस. "परत." सहासष्ट. शिवम्मानं मध्ये पडून तिचा हात धरला तेव्हा कुठं ती थांबली. आत जाऊन रात्रीच्या जेवणापर्यंत ती आकडेमोड करत बसली, मग मॅडमना फोन लावला. दाराआड उभ्या आप्पांनी ऐकलं: "आजच्या मुठी लई कमी-जास्त आल्या मॅडम, हात कापत हुता. पण राखेतल्या पोटॅशवरनं मी काढून बघितलं. एक मूठ सरासरी बावन्न ग्रॅमची आसंल तर सगळ्या पायऱ्या तंतोतंत जुळत्यात. सगळ्या!"

तिच्या आवाजात तो जानेवारीतला कंप परत आला होता. आप्पांनी तो ऐकला, आणि आकडाही ऐकला.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की आप्पा मागच्या गोदामात जायला लागले. आतून कडी. सोबत जुना काटा आणि विभूतीचं पोतं. चव्वेचाळीस. एकोणसाठ. पन्नास. ते देवाची माफी मागायचे आणि पुन्हा मूठ भरायचे. आठव्या दिवशी मूठ बसायला लागली. बाराव्या दिवशी डोळे मिटून भरली तरी बावन्न. या वयात हाताला नवं वळण लावलं म्हाताऱ्यानं! एवढे ते कित्येक महिन्यांत खुश नव्हते. शिवम्मा म्हणाली, "गोदामात काय करताव वो?" आप्पा म्हणाले, "लेकीचं काम."

मॅडम आल्या. स्वतःचा काटा आणला होता. वर्षाराणी त्यांच्या शेजारी वही घेऊन बसली, नखं कुरतडत. आप्पांनी अंघोळ करून, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढून, डब्यात हात घातला.

"बावन्न," मॅडम म्हणाल्या. वर्षाराणीनं लिहिलं. तिचे डोळे चमकले.

"बावन्न."

"एक्कावन्न."

"बावन्न. बावन्न. बावन्न."

सातव्या मुठीला मॅडमचा आवाज बदलला. आठव्याला वर्षाराणीचं पेन थबकलं. तिनं वहीवरून नजर उचलली आणि बापाच्या हाताकडं पाहिलं. तो हात आता कापत नव्हता.

"आप्पा," मॅडमनी विचारलं, "प्रत्येक मूठ अगदी सारखी कशी येते?"

आप्पांचं तोंड फुललं. केव्हाचे ते याच प्रश्नाची वाट पाहत होते. "बारा दिस सराव केलाय मॅडम! माझ्यामुळं गेलं, मग मीच आणून द्यायला नको? बावन्नच पायजे हुती ना?"

मॅडमनी काट्याचं बटण बंद केलं. वर्षाराणीनं वही मिटली, सावकाश, कडा जुळवून.

"अगं लिही की," आप्पा म्हणाले. "अजून बारा ऱ्हायल्या."

"न्हाई आप्पा. झालं."

"आगं पण बरोबर आल्या की!"

"म्हणून झालं." ती उठली. "हाताला मी हवा तेवढा आकडा शिकवला आसंच धरत्यात ह्याला. आन् बरोबर धरत्यात."

मॅडमनी जाताना तिच्या पाठीवर हात ठेवला. फेरफाराचा ठपका त्यांनी लिहिला नाही, एवढी माणुसकी दाखवली. पण सहावी पेटी धरली नाही. त्या प्रकरणाच्या जागी दुसरं उभं करायला वेळ उरला नव्हता. जून आला आणि गेला.

*

पेट्या उतरवून पुण्याला गेल्या. आडाजवळच्या मठात आप्पा आता जात नाहीत. वर्षाराणी सकाळी अंबाजोगाईला एका क्लासमध्ये अकरावीला भौतिकशास्त्र शिकवते आणि दुपारी गल्ल्यावर बसते. बापाशी बोलते. गरजेपुरतं, पण बोलते. कधी ओरडली नाही. ओरडली असती तर आप्पांना बरं वाटलं असतं.

पण गावाला नवीनच गंमत मिळाली. विभूती मागायला कुणी आलं की आप्पा नेहमीसारखी मूठ देतात, आणि त्रिंबक असला की ती मूठ गिऱ्हाइकाच्या हातातून घेऊन काट्यावर टाकतो. बावन्न. परत आणा, बावन्न. परगावचे लोकही पाहायला येतात. "हाय का न्हाई? आप्पांचा हात म्हंजे काटाच!" त्रिंबक टाळ्या पिटतो, लोक हसतात. त्या बावन्नाचं त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक.

परवा असंच झालं. घाट उतरून आलेल्या कुणा पाहुण्यांसमोर त्रिंबकानं चार मुठी तोलून दाखवल्या. चारही सारख्या. पाहुणे तोंडात बोट घालून गेले. वर्षाराणी गल्ल्यावर होती. तिनं वर न पाहता म्हटलं, "आप्पा, काटा बंद करा."

आप्पा जवळ आले. हात पुढं करून उभे राहिले, बोटांना पांढरी राख लागलेली.

"माय, मी मुद्दाम न्हाई करत. मी तुझ्यासाठी जुनी मूठ भरायचा लई प्रयत्न करतो. एकटा आसताना करतो. पण आता दुसरी येतच न्हाई."

"ठावं हाय," ती म्हणाली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला विचारलं, साखर किती पाहिजे.